मेहरची चाळीस झाडं

सुमैयाचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. सातवीच्या एका मुलाने 'झाडे आपल्याला ऑक्सिजन देतात व बदल्यात पगार मागत नाहीत' असं उत्तर लिहिलं होतं, आणि त्याला एक मार्क द्यावा की दोन, या विचारात मी होते.

"फुप्पी, तारीख ठरली! दिवाळीच्या सुट्टीत. आता शाळेचं कारण चालणार नाही."

फुप्पी म्हणजे आत्या. सुमैया माझ्या मामेभावाची, रफिकभाईंची मुलगी. हे कुटुंब नांदेडच्या इतवारा भागातलं, पिढ्यान्‌पिढ्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणारं. आम्ही पुण्याला. वर्षानुवर्षं 'येते, येते' म्हणत मी तिकडे गेले नव्हते.

"झाडं जगली का?" मी विचारलं.

"जगली म्हणून तर तारीख ठरली!"

हे काय प्रकरण ते आधी सांगते. आमच्यात निकाहाच्या वेळी नवऱ्याने बायकोला मेहर द्यायचा असतो. तो तिचा हक्क. रोख रक्कम, दागिना, जमीन, किंमत असलेलं काहीही चालतं. अडीच वर्षांपूर्वी कंधारच्या इलियासचं स्थळ आलं. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, मुलगा गुणी. मेहर काय पाहिजे असं मोठ्यांनी विचारलं, तर वनस्पतिशास्त्र शिकत असलेली आमची सुमैया म्हणाली, "चाळीस झाडं. पण निकाहाच्या दिवशी जिवंत पाहिजेत. दोन उन्हाळे काढलेली."

बैठकीत हशा पिकला. इलियास मात्र हसला नाही. त्याच्या वडिलांनी त्याला गावाबाहेरची अर्धा एकर बरड जमीन दिली होती, जिथे कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. तो म्हणाला, "कोणती झाडं, ते लिहून द्या." सुमैयाने वहीचं पान फाडून यादी दिली: सीताफळ, जांभूळ, चिंच, कवठ, गावरान आंबा. जमिनीसकट झाडं तिच्या नावे करायची, असं ठरलं.

अशा लग्नाला न जाऊन कसं चालेल?

पुणे ते लातूर

पहाटे नमाज झाली आणि मी आणि फिरोज, म्हणजे माझे यजमान, आमच्या जुन्या गाडीतून निघालो. सोलापूर रस्त्याने टेंभुर्णीपर्यंत जायचं, तिथून डावीकडे कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, मुरूड करत लातूर. रस्ता आता बराच चांगला झालाय, पण बार्शीच्या अलीकडे-पलीकडे कामं चालू होती. सात तासांचा हिशेब धरा आणि आठ लागले तर चिडू नका. येडशीच्या घाटाजवळ सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसलेल्या असतात. आम्ही एक पाटी घेतली आणि दोघांनी गाडीतच अर्धी संपवली. बियांसाठी कागदाची पिशवी सोबत ठेवा; खिडकीबाहेर फेकण्यावरून आमचं पंधरा मिनिटं भांडण झालं आणि शेवटी सगळ्या बिया फिरोजच्या टोपीत जमा झाल्या.

सोयाबीन निघून गेलं होतं. तूर फुलावर आली होती, पिवळीधमक. काळ्या रानात ज्वारीचे कोंब वर डोकावत होते. मराठवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीनच येते. त्यांनी कार्तिकात एकदा या रस्त्याने यावं.

लातूरला मुक्काम गंजगोलाईजवळच्या एका साध्या लॉजवर केला. गोल बाजारपेठ आणि तिला सूर्याच्या किरणांसारखे फुटलेले रस्ते. एकदा चुकलात की दोनदा चुकणार. संध्याकाळी निलंगा राइस खाल्ला. नाव राइस असलं तरी तो आपला फोडणीचा पिवळा भात, वर शेव आणि मिरची. दोघांचं पोट भरलं आणि चहा धरूनही शंभराची नोट पुरली.

त्याआधी फिरोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजला जवळच्या मशिदीत जाऊन आले, ते हसतच.

"काय झालं?"

"ओरडा खाल्ला. मी वुजूला, हात-पाय धुवायला, नळ सोडला आणि बाही वर करत बसलो. शेजारी एक म्हातारे बसले होते. म्हणाले, 'भाईसाब, नळ बंद करा. लातूर हाय हे.' मग मला एक लोटा भरून दिला. म्हणाले, 'एवढ्यात तुमचा वुजू होतो, आन्‌ उरलं तर माझाबी होतो.'"

"झाला?"

"झाला की! पाय धुवूनसुद्धा तळाला पाणी राहिलं."

ज्या शहराने रेल्वेने आलेलं पाणी प्यायलंय, त्या शहरात पाण्याची शिकवण अशीच मिळते. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूला पाणी वाया घालवू नका, ही पैगंबरसाहेबांची शिकवण मी लहानपणी मदरशात पाठ केली होती. पुण्यातल्या माझ्या घरी मात्र बेसिनचा नळ धो धो वाहत असतो. फिरोजना ओरडा बसला आणि गप्प मी झाले.

मशिदीच्या मागे वुजूचं पाणी एका चरातून शोषखड्ड्यात जातं आणि खड्ड्याच्या कडेला दोन नारळ, एक डाळिंब आहे. सकाळी निघताना मी ते बाहेरूनच पाहिलं. डाळिंबाला फळं होती आणि प्रत्येक फळाला कापडाची पिशवी बांधलेली होती.

नांदेड

लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला तीन तास. रस्ता रुंद आहे, फक्त उसाच्या ट्रॉल्यांपासून जपा. रफिकभाईंच्या गल्लीत गाडी शिरत नाही. बाहेरच लावावी लागते. तिथून पुढे आवाजाच्या मागे गेलं की घर सापडतं, ठाक ठाक ठाक.

रफिकभाई साठीला आलेत. उंच, बारीक, भुवया भट्टीने थोड्या करपलेल्या. मला पाहून त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"आ गई? कित्ते बरसां के बाद! ये, बैस, आधी खिचडी खा."

नांदेडला गेलात तर सकाळी खिचडी-खट्टा खाल्ल्याशिवाय दुसरीकडे कुठे जाऊ नका. मसूर घातलेली मोकळी खिचडी, सोबत चिंच आणि तिळाचा पातळ आंबट खट्टा, वर पापड. वहिनींनी दोनदा वाढलं आणि तिसऱ्यांदा मी ताट झाकलं तर हात बाजूला करून वाढलं.

मग मी ओट्यावर बसून कल्हई पाहिली. लग्नासाठी गल्लीतल्या घराघरांतून मोठे देग, थाळ, लोटे गोळा केले होते. रफिकभाई देग भट्टीवर फिरवत तापवतात, नवसागराची चिमूट टाकतात, पांढरा धूर भसकन उठतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक हात असा फिरवतात की काळंमिट्ट तांबं आतून चंद्रासारखं पांढरं होतं. विज्ञान शिकवणारी मी, तरी तोंडाचा आ झाला.

"आता कोण लावून घेतं कल्हई?" मी विचारलं.

"पैले गल्लीत अकरा भट्ट्या होत्या. आता मी हाय." त्यांनी धूर जाऊ दिला. "लोक वापरायचं आन्‌ फेकायचं शिकले. पण तुझी भाची बोलली, 'अब्बा, लग्नात थर्माकोल नक्को, प्लास्टिकचा एकबी गिलास नक्को. खाणं थाळात, पाणी लोट्यात.' म्हणून तर हे सगळं काम निघालं. नऊ दिवस झाले, भट्टी रोज पेटून राहिली."

तेवढ्यात सुमैया ज्युनियर कॉलेजातलं सुट्टीतलं काम उरकून आली. ती तिथे शिकवते. उन्हाने रापलेला चेहरा, खांद्याला कापडी झोळी. माझ्या गळ्यात पडली. तिच्या लग्नाची पत्रिका सुती रुमालावर छापलेली होती, 'लग्नानंतर घाम पुसायला कामी येईल' असं ती सगळ्यांना सांगत होती.

मी विचारलं, "झाडंच का गं?"

"फुप्पी, माणसाने लावलेल्या झाडाचं फळ पाखराने खाल्लं, जनावराने खाल्लं, माणसाने खाल्लं, तरी लावणाऱ्याच्या नावे सदक्याचं, दानाचं पुण्य लिहिलं जातं. हे मी लहानपणापासून ऐकतेय. मग म्हटलं, मला रोज नवऱ्याच्या पुण्याईतलं काहीतरी मिळेल असं मागू. आणि दुसरं खरं कारण सांगू?"

"सांग."

"बघायचं होतं, दोन उन्हाळे टिकतो का माणूस."

अर्धापूरची केळी

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी रफिकभाईंनी मला मागच्या दारी बोलावलं. चेहरा उतरलेला. म्हणाले, आवाज न करता ऐक.

इलियासचा फोन आला होता. तीन दिवसांपूर्वी रानडुकरांनी कुंपण फोडलं. प्रत्येक झाडाच्या बुडाशी पाण्याचं मडकं पुरलेलं आहे, त्या ओलाव्याच्या वासाने ती आली. दोन सीताफळं आणि एक जांभूळ मुळासकट उपटून टाकलं. चाळीसची सदतीस झाली.

"त्याने सुमैयाला सांगितलं?"

"न्हाई. मला बोलला, उद्या सगळ्यांसमोर सांगतो. अगं, सगळ्या कंधारला चाळीसचा आकडा माहीत हाय! काझीसाब स्वतः मोजणार हायेत. त्या पोराची मान खाली जाईल आन्‌ माझ्या पोरीचंबी हसं होईल." त्यांनी माझा हात धरला. "अर्धापूरच्या वाटेवर नर्सरी हाय. तिथं दोन-तीन वर्षांची मोठी रोपं भेटतात. तू गाडीतून घेऊन ये, फक्त तीन. पहाटे जाऊन लावून टाकू. कोणाला कळणार न्हाई."

खरं सांगते, मला तेव्हा त्यात काही फार वाईट वाटलं नाही. एक बाप मुलीसाठी हात धरून विनवत होता. मी गाडीची किल्ली उचलली.

अर्धापूर नांदेडहून अर्ध्या तासावर. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, इतक्या दाट की रस्त्यावरसुद्धा गारवा उतरतो. नर्सरीवाल्याने बरोबर तशी रोपं काढून दिली, माझ्या कमरेपर्यंत येणारी. विचारलं, "ताई, घरी जागा हाय ना? यांना कुंडी चालत न्हाई." मी म्हटलं, आहे. ते माझं पहिलं खोटं.

परतताना फिरोज म्हणाले, "विचारलं तर काय सांगायचं?" म्हणून आम्ही केळी घेतली. एक डझन घ्यावी तर चार डझन घेतली. खोटं बोलणारा माणूस पुरावे जरा जास्तच गोळा करतो.

घरी आल्या आल्या सुमैयाने दारातच विचारलं, "कुठे होता?"

"अर्धापूरला, केळी आणायला."

"चार डझन?"

"फिरोजना फार आवडतात."

फिरोजना केळी आवडत नाहीत. त्या संध्याकाळी मेंदी लावलेल्या बायकांनी मोठ्या प्रेमाने त्यांना सहा भरवली आणि त्यांनी ती मुकाट खाल्ली. मी सुमैयाच्या हातांवर मेंदीची पानं उमटताना पाहत होते आणि डिकीत तीन रोपं आहेत हे विसरायचा प्रयत्न करत होते. तिने मेंदीवालीकडून फुलं काढून घेतली नव्हती. तळहातावर सीताफळाची फांदी होती.

कंधार

नांदेडहून लोह्यावरून कंधारला सव्वा तास. वऱ्हाडाच्या आधी आम्ही निघालो: पुढे मी आणि फिरोज, मागे रफिकभाई आणि मांडीवर कल्हईचे बारा नवे लोटे. ते मशिदीत वुजूसाठी द्यायचे होते, मुलीच्या लग्नाची भेट म्हणून. कंधारचा किल्ला वेळ काढून नक्की पाहा. खंदकात अजून पाणी असतं आणि सकाळी तिथे बगळ्यांशिवाय कोणी नसतं. आम्ही मात्र त्याच्या बाजूने धूळ उडवत सरळ बरडाकडे गेलो.

आणि मी ते बरड पाहिलं. चहूकडे मुरूम, दगड, पिवळं कुसळ. मधोमध अर्धा एकर हिरवा. झाडं अजून लहानच, पण ताठ. प्रत्येकाच्या बुडाशी मडक्याचं तोंड, त्यावर झाकण. मडकी कुंभाराकडची तडकलेली, विक्रीला न चालणारी. त्यांतून पाणी थेंब थेंब मुळाशी झिरपतं. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळची युक्ती.

इलियास धावत आला. नवरदेव, आणि अंगावर मळकी बनियन! पडलेलं कुंपण बांधत होता. मागून शेजारच्या रानातले ग्यानबाकाका आले, धोतर, डोक्याला रुमाल. यांच्याच विहिरीतून पाणी मिळालं. इलियासने त्यांची जळालेली मोटार भरून दिली होती, त्यांनी पाणी दिलं. असा साधा व्यवहार.

"लई येडं पोरगं हाय हे," ग्यानबाकाका मला म्हणाले. "पैल्या उन्हाळ्यात माझी हीर तळाला गेली. म्या म्हन्लं, आता सोड नाद. तर सायकलीला दोन घागरी बांधून गावातून पानी आनायचा. दिस उगवायच्या आधी येक खेप, दुकान बंद करून दुसरी. रोजा होता तवाबी! पानी झाडाला आन्‌ ह्याच्या तोंडाला थेंब न्हाई. माझ्या बायकूला, लक्ष्मीला म्हन्लं, आपनबी काही पुण्य करावं, तर तिनं त्याच्यासाठी रोज संध्याकाळी खजूर आन्‌ लिंबाचं पानी धाडलं."

रफिकभाईंनी इलियासला गाडीमागे नेलं. मी डिकी उघडली. त्याने रोपं पाहिली आणि त्याच्या लगेच लक्षात आलं.

"मामू, हे काय?" होणाऱ्या सासऱ्यांना तो मामू म्हणायचा.

"लावून टाक. वऱ्हाड यायला तास हाय."

इलियासने एका रोपाच्या पानावरून हात फिरवला. मग मान हलवली. "न्हाई मामू. माफ करा. तुम्ही माझ्यासाठीच केलं, मला समजतं. पण ती रोज इथं येणार. तिला झाड वळखता येतं, एमएस्सी हाय ती. आन्‌ न्हाई वळखलं तरी मला तर म्हाईत राहील ना. मी रोज ह्या तीन झाडांच्या बाजूने मान फिरवून जाऊ?"

रफिकभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी त्याच्या मळक्या खांद्यावर हात ठेवला.

"चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगतोय, कल्हईने चमक येते, भोक बुजत न्हाई," ते म्हणाले. "आन्‌ आज मीच... जा, आंघोळ कर. नवरा हायेस आज."

मी हळूच डिकी बंद केली. मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी छातीवरून पाटा-वरवंटा उतरल्यासारखं हलकंही वाटत होतं.

मोजणी

निकाह मशिदीतच व्हावा असं काही नसतं. सुमैयाच्या हट्टाने तो झाडांच्या कडेला, बांधावरच्या कडुनिंबाखाली ठरला होता. सतरंज्या अंथरल्या, मधे एक चादर बांधली: इकडे आम्ही बायका, पलीकडे पुरुष. वाऱ्याने चादर उडत होती आणि दोन्हीकडचं सगळ्यांना दिसतच होतं. ग्यानबाकाकांच्या घरची माणसंही आमच्या बाजूला आणि पलीकडे अशी वाटून बसली.

काझीसाहेब आले. ऐंशीच्या घरातले, हातात काठी, दाढी मेंदीची. इलियासने त्यांना पुढे होऊन सांगितलं, "हजरत, चाळीस न्हाईत. सदतीस हायेत. तीन डुकरांनी नेली."

पुरुषांच्या बाजूने कुजबूज उठली. माझ्या शेजारी सुमैयाने चटकन चादरीकडे मान वळवली. आतापर्यंत तिला काहीच माहीत नव्हतं.

"मोजतो तरी," काझीसाहेब म्हणाले. "लिहायचं तर पाहून लिहावं."

आणि ते खरोखर मोजायला निघाले. प्रत्येक झाडापाशी थांबायचे, पानाला हात लावायचे, मोठ्याने आकडा म्हणायचे. मागे मागे सगळे पुरुष. वीसपर्यंत लोक थट्टा करत होते. तिसाच्या पुढे कोणी बोलेना. काझीसाहेब एका कवठापाशी वाकले, मडक्याचं झाकण उचलून आत पाहिलं, पाणी होतं. त्यांनी ते झाकण अगदी हळू परत ठेवलं.

"सैंतीस."

मग ते रफिकभाई आणि दोन साक्षीदारांना घेऊन चादरीजवळ आले.

"बेटी सुमैया. मेहर चाळीस झाडांचा आणि या जमिनीचा ठरला होता. झाडं सदतीस आहेत. मुलाने लपवलं नाही. मेहर तुझा हक्क आहे; तो कमी करणं ना माझ्या हातात, ना तुझ्या वडिलांच्या. तू तीन माफ करतेस का?"

रफिकभाई जमिनीकडे पाहत होते. मला वाटलं, आता ही म्हणेल 'माफ', आणि सगळे 'माशाअल्ला' म्हणतील.

"नाही," सुमैया म्हणाली.

चादरीपलीकडे इलियासची मान खाली गेलेली दिसली.

"माफ का करू? मला चाळीसच पाहिजेत," ती स्पष्ट आवाजात म्हणाली. "मेहर थोडा आत्ता, थोडा नंतर देता येतो ना, काझीसाब? मग असं लिहा. सदतीस रोख, तीन उधार. आणि उधारीची तीन आम्ही दोघं मिळून लावू. पाणी अर्धं मी घालणार."

काझीसाहेबांची दाढी हलायला लागली, आणि तो ऐंशी वर्षांचा माणूस काठीवर रेलून इतका हसला की त्याला कोणीतरी धरलं. पुरुष हसले, बायका हसल्या, ग्यानबाकाकांच्या लक्ष्मीकाकू पदर तोंडाला लावून हसता हसता रडायला लागल्या. मीही तेच करत होते. काझीसाहेबांनी रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं, 'रोख' आणि 'उधार'. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा सुमैयाने 'कुबूल है' असं ठणकावून सांगितलं. मग तिकडून इलियासनेही सांगितलं.

मग खजूर उधळले, आणि जेवण. बगारा भात, दालचा, अंबाडी-गोश्त. मटण न खाणाऱ्यांसाठी वेगळ्या देगेत खट्टी डाळ, वांगी आणि ज्वारीच्या भाकरी. एका थाळाभोवती चौघं-चौघं. थाळात खाण्याची एक गंमत आहे: ताट तुमचं एकट्याचं नसतं, म्हणून कोणी जास्त वाढून घेत नाही आणि समोरच्याच्या बाजूला चांगला तुकडा सरकवला जातो. तीनशे माणसं जेवली. शेवटी रफिकभाईंनी मला उकिरडा दाखवायला नेलं. हाडं कुत्र्यांना, भाकरीचे तुकडे ग्यानबाकाकांच्या गाईला. फेकायला म्हणून फक्त खजुराच्या बिया होत्या, आणि त्याही सुमैयाने झोळीत भरल्या.

डिकीतल्या रोपांचं काय, हा प्रश्न राहिलाच होता. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ती केळी..."

"हो."

"बिचारे फुफा!" ती म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली. मग वडिलांकडे गेली आणि त्यांच्या करपलेल्या भुवयांवर ओठ टेकवले. एवढंच.

ती तीन रोपं मेहरमध्ये धरायची नाहीत, असं ठरलं. जांभूळ मशिदीच्या वुजूच्या चरापाशी लागलं. तिथे बारा लोट्यांचं पाणी त्याला मिळेल. एक सीताफळ कब्रस्तानच्या फाटकाशी. आणि एक लक्ष्मीकाकूंनी मागून घेतलं, विहिरीच्या कडेला. तो खड्डा ग्यानबाकाका आणि रफिकभाईंनी मिळून खणला. एकाने टिकाव मारायचा, दुसऱ्याने माती ओढायची, आणि मधे थांबून दोघांनी आपापल्या कंबरेच्या दुखण्याची तुलना करायची.

घरी

परतीला आम्ही जांब, अहमदपूर, लातूर असे आलो. ज्यांना जायचंय त्यांनी दिवाळीनंतरचे दोन महिने निवडा. हवा छान, रानं भरलेली. पुणे-लातूर एक दिवस, लातूर-नांदेड दुसरा, आणि कंधारसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा. एसटीनेही हे सगळं होतं. लोह्याहून कंधारला गाड्या मिळतात. इतवाऱ्यात कल्हईची ठाकठाक ऐकू आली तर घरातलं एखादं जुनं भांडं सोबत असू द्या.

माझ्यापुरतं काय राहिलं? बेसिनजवळ आता एक लोटा आहे. पहिल्या आठवड्यात मी तीनदा विसरले, फिरोज दोनदा. सातवीच्या वर्गात मी तडकलेलं मडकं नेलं आणि ते कसं झिरपतं ते मुलांना दाखवलं. अर्ध्या तासात फरशी ओली झाली आणि शिपाईमामा रागावले. आणि मी तीन रोपं लपवून आणली होती, हेही राहिलं. चांगल्या मनाने केलेली लपवाछपवी किती सोपी असते, ते मला कळलं. एका मळक्या बनियनमधल्या मुलाने ती किती सहज नाकारली, तेही पाहिलं. कोणी फार मोठं बोललं नाही त्या दिवशी. पण त्या बरडावरून मी निघाले तेव्हा माझा दीन, माझा धर्म, मला कधी नव्हे इतका जवळचा वाटला, आणि मातीच्या इतका जवळ तर तो मी पूर्वी कधी पाहिलाच नव्हता.

परवा सुमैयाचा फोन आला. मी विचारलं, "कसं चाललंय?"

"काय सांगू फुप्पी! पहाटे फजरची नमाज झाली की हे सायकल काढतात आणि थेट झाडांकडे. मी केलेला चहा गार होतो. संध्याकाळी दुकान बंद झालं की पुन्हा तिकडेच. काल मी विचारलं, 'मी आवडते की झाडं?' तर खरंच विचार करत बसले!"

"मग?"

"मग काय," ती म्हणाली, आणि फोनवरसुद्धा तिचा चेहरा मला दिसत होता. "लोकांना नशिबाने एखादी सवत मिळते. मी तोंडाने सदतीस मागून घेतल्या. आणि तीन अजून यायच्यात."